रन-फ्लॅट काढताना सेन्सरचे काय?

हवेचा दाब मोजणारा सेन्सर टायरचा नव्हे, चाकाचा भाग असतो. तो व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला लागून बसतो. त्यामुळे रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, काढून साधे ट्यूबलेस टायर घातले म्हणून सेन्सर बदलावाच लागतो असे नाही. तोच पुन्हा चालतो. खरा प्रश्न त्याच्या वयाचा. आतली बॅटरी सीलबंद असते, बदलता येत नाही आणि साधारण पाच ते दहा वर्षांत संपते. सेन्सर जुना असेल तर टायर उतरलेला असतानाच नवा बसवणे शहाणपणाचे, कारण नंतर त्यासाठी टायर पुन्हा उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट पडते.

सेन्सर जुनाच ठेवला तरी रबरी सील, नट आणि व्हॉल्व्हचा गाभा नवे घालावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गाभा निकेलचा मुलामा दिलेलाच हवा. साधा पितळी गाभा गंजून आतच अडकतो आणि काढताना व्हॉल्व्ह तुटतो. टायर उतरवणाऱ्याला सेन्सरची जागा आधीच दाखवावी, यंत्राचा दाब तिथे पडला की तो फुटतो. नव्या सेन्सरची फ्रिक्वेन्सी गाडीशी जुळावी लागते: अमेरिकेत बहुधा 315, युरोपात 433 मेगाहर्ट्‌झ.

काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. एबीएस चाकांच्या वेगातील फरकावरून दाब ताडते. तिथे हवा भरून प्रणाली रीसेट केली की पुरे.

रन-फ्लॅटवर येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. साधे टायर घातल्यावर स्टेपनी किंवा पंक्चर किट आणि हवेचा पंप गाडीत ठेवावाच.