लेबलवरची वीस वर्षं: पोर्ट वाइनचे चार ग्लास आणि कंपन्यांची पत



ब्रँडवरच्या व्हिडिओत मी पोर्ट वाइनचं नाव घेतलं आणि पुढे सरकलो. दोन मिनिटांत सांगण्यासारखा विषय नव्हता तो. आज निवांत सांगतो. तुम्ही पीत असाल-नसाल, त्याने काही बिघडत नाही. धंदा करत असाल तर वाचा.

आधी एक गैरसमज काढू. गोव्याहून येताना आपण "पोर्ट" म्हणून जी गोड, लाल, खिशाला परवडणारी बाटली आणतो ती वेगळी. खरी पोर्ट येते उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातून. या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच सरकारने आखून दिली होती. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड पण कडक होते, साधारण २० टक्के अल्कोहोलची.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो होतो, तिथून तीन दिवस पोर्तो शहरात. नदीच्या पलीकडे व्हिला नोव्हा दि गाया आहे. तिथे कंपन्यांची जुनी कोठारं ओळीने उभी आहेत. अशाच एका कोठारात माझ्यासमोर चार छोटे ग्लास ठेवले: १०, २०, ३० आणि ४० वर्षं. हा प्रकार म्हणजे टॉनी, लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट.

आधी रंग बघा म्हणाले. दहाची अजून लालसर होती. वीसची चहासारखी, तांबूस. चाळीसची तर मधासारखी, आणि ग्लास तिरका केला की कडेला हिरवट झाक. दहामध्ये सुकं अंजीर आणि मनुका. वीसमध्ये अक्रोड, संत्र्याची साल, थोडी करपलेली साखर, आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. तीसची याच वाटेने आणखी पुढे. चाळीसची इतकी दाट आणि आंबट-गोड की दोन घोटांत पुरे झालं. माझं मत विचाराल तर पैसे वसूल होतात ते वीसमध्ये. चाळीसची किंमत ऐकून मी ग्लास जरा जपूनच खाली ठेवला.

मग मी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. "म्हणजे ही बरोबर वीस वर्षांची?" ती मुलगी हसली आणि नाही म्हणाली. त्यात बारा वर्षांची असेल, पस्तीसची असेल. अनेक पिंपं मिसळून "वीस वर्षांची चव" तयार करतात. आणि ती चव वीसची आहे की नाही, हे कंपनी एकटी ठरवत नाही. नमुना जातो दोरू आणि पोर्तो वाइन संस्थेकडे. तिथलं चाखणाऱ्यांचं मंडळ पास करेल तरच लेबलवर २० लिहिता येतं. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल तर तिला कोल्हेइता म्हणतात, ती निदान सात वर्षं लाकडात ठेवावीच लागते.

आता यातला पैशाचा भाग बघा. पिंपातली वाइन दरवर्षी थोडी उडून जाते. जागा तुमची, लाकूड तुमचं, घट तुमची, आणि विक्री वीस वर्षांनी! वर नियम असा की कंपनीने वर्षभरात आपल्या साठ्याच्या साधारण एक तृतीयांशापर्यंतच माल विकायचा. म्हणजे जुना साठा हीच खरी तिजोरी. टेलर्स कंपनीच्या मालकांनी २०१३ मध्ये वीज अँड क्रोन ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिच्या कोठारातल्या जुन्या पिंपांचं मोल मोठं होतं. पैसा टाकून द्राक्षमळा घेता येतो, यंत्रं घेता येतात. पण १९६० ची पिंपं हवी असतील तर ज्याने ती १९६० मध्ये भरून ठेवली त्याच्याच दारात जावं लागतं.

दुसरा प्रकार विंटेज पोर्ट. इथे गणित उलटं. एकाच उत्तम वर्षाची वाइन, दोन-तीन वर्षांत बाटलीबंद, आणि पुढची वीस-तीस वर्षं ती गिऱ्हाइकाच्या तळघरात मुरते. भांडवल गिऱ्हाइकाचं अडकतं. मग तो इतका विश्वास का टाकतो? कारण कंपन्या दरवर्षी विंटेज काढत नाहीत. दहा वर्षांत साधारण तीनदा. वर्ष खास असेल तरच "जाहीर" करतात. नाहीतर तोच चांगला माल एकाच मळ्याच्या नावाने, कमी किमतीत: टेलर्सचा व्हार्जेलास, ग्रॅहम्सचा माल्वेदोस. मुख्य नावाला धक्का नाही, आणि मालही पडून नाही.

इथे मला माझाच जुना धंदा आठवतो. प्रशिक्षणात येण्याआधी मी कांदा-लसूण मसाला विकायचो. एका वर्षी मिरची रंगाला कमी पडली. मला कळत होतं. तरी पाकीट तेच, भाव तोच. आठ वर्षांच्या एका गिऱ्हाईक काकूंनी एवढंच म्हटलं, "अहो, यंदाचा तुमचा वाटत नाही." त्या भांडल्या नाहीत, पुन्हा आल्याही नाहीत. दुसऱ्या नावाचं साधं पाकीट काढायचं मला सुचलं नव्हतं.

पण थांबा. यावरून "नाही म्हटलं की पत वाढते" असं लिहून घेऊ नका, कारण पोर्टचा इतिहास तसं सांगत नाही.

१९३१ घ्या. द्राक्षं उत्तम होती. पण जगभर मंदी आणि १९२७ चा माल अजून पडून. बहुतेक बड्या कंपन्या गप्प बसल्या. किंता दो नोवाल या कंपनीने मात्र जाहीर केलं, आणि विसाव्या शतकातल्या सर्वात नावाजलेल्या पोर्टमध्ये आजही तिची ती बाटली मोजतात. नोवालचं नाव मोठं झालं ते तिथे.

उलट १९७७. बहुतेक नामांकित घरांनी वर्ष जाहीर केलं, कोबर्न्सने नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये कोबर्न्सची स्पेशल रिझर्व्ह घरोघरी पोचलेली होती. नाव सगळ्यांच्या तोंडी. पण विंटेजचे जाणकार नाकं मुरडू लागले, आणि गाजलेल्या वर्षाच्या यादीत आपली बाटलीच नसणं कंपनीला पुढे फार महागात पडलं. खप आणि पत या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे मी कोबर्न्सवरून शिकलो. २०१० मध्ये हा ब्रँड सिमिंग्टन कुटुंबाने घेतला आणि नव्याने उभा केला.

आणखी एक गंमत. ग्रॅहम्स, डाउज आणि वॉरेज या सिमिंग्टनांच्या घरांनी १९९१ जाहीर केलं, तर टेलर्स आणि फोन्सेकाने ते सोडून १९९२. टेलर्सची स्थापना १६९२ ची, म्हणजे नेमकं तीनशेवं वर्ष! शंका येणारच, मलाही आली. पण टेलर्सच्या ९२ ला जाणकारांनी डोक्यावर घेतलं. बाटलीत जे आहे त्याच्यापुढे शंका टिकत नाही.

साधारण जाणकारांचं मत असं: विंटेजमध्ये टेलर्स, फोन्सेका, ग्रॅहम्स, डाउज ही इंग्रजी वळणाची घरं पुढे, तर जुन्या टॉनी आणि कोल्हेइतामध्ये कोप्के, फेरेरा, रामोस पिंतो अशी नावं. नोवाल दोन्हीकडे. म्हणून "सर्वात चांगली कंपनी कोणती" असं दुकानदाराला विचारू नका. "कशात चांगली" असं विचारा.

घ्यायचीच झाली तर बाटलीच्या मागचं लेबल वाचा. वयाच्या टॉनीवर ती बाटलीत कधी भरली ते वर्ष छापलेलं असतं. बाटलीत गेल्यावर टॉनी फारशी सुधारत नाही, त्यामुळे अलीकडे भरलेली बरी. प्यायच्या आधी थोडी थंड करा. विंटेजचं वेगळं. तिच्यात गाळ बसतो, ती हळू ओतून गाळावी लागते आणि दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. टॉनी उघडल्यावर फ्रीजमध्ये काही आठवडे राहते. माझी वीसची बाटली तीन आठवडे पुरली. शेवटचा घोट बायकोने घेतला. तिला त्यात गुळाच्या पोळीचा वास आला. मी पुन्हा वास घ्यायला गेलो तोवर ग्लास रिकामा.