विज्ञानलेखनावर जगणे : मराठीतील स्वतंत्र विज्ञानलेखकाची साठ वर्षे

मराठीत विज्ञान लिहिण्याची परंपरा जुनी आहे. केवळ विज्ञान लिहून घर चालवण्याची मात्र नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, पुण्यात १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले. या काळात विज्ञानावर लिहिणारे बहुतेक जण प्राध्यापक, शिक्षक, डॉक्टर किंवा अभियंते होते. पगार नोकरीतून मिळे आणि लेखन हौसेने, कर्तव्यबुद्धीने होई. कुठल्याही संस्थेच्या हजेरीपटावर नसलेला, लेखामागे मिळणाऱ्या मानधनावर विसंबून असलेला विज्ञानलेखक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दिसू लागला, आणि अशा लेखकांची संख्या कधीच फार वाढली नाही.

त्याला वावरायला जागा तयार झाली ती १९६० नंतरच्या दशकात. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेची पत्रिका, वार्षिक अधिवेशने आणि विज्ञानकथा स्पर्धा यांमुळे विखुरलेले लेखक एकमेकांना भेटू लागले. याच स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. नामवंत खगोलशास्त्रज्ञ मराठीत ललित लेखन करतो, हे पाहिल्यावर संपादकांची नजर बदलली. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत विज्ञानाला नियमाने पाने मिळू लागली. ती भरायला शास्त्रज्ञ पुरेसे नव्हते. लेख मुदतीत देणारा, शब्दमर्यादा पाळणारा आणि आज ज्वालामुखीवर तर उद्या जनुकांवर लिहू शकणारा माणूस संपादकांना हवा होता.

या माणसाचा दिवस प्रामुख्याने शोधाशोधीत जाई. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात ‘न्यू सायंटिस्ट’ किंवा ‘सायंटिफिक अमेरिकन’ची वर्गणी खाजगी माणसाला झेपणारी नव्हती. पुण्यातला लेखक फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत बसे, ओळख असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात जाई. मुंबईत अमेरिकन केंद्राचे ग्रंथालय आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरची जुन्या पुस्तकांची दुकाने होती. रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेली, दोन-तीन वर्षे जुनी नियतकालिकेही कामाला येत. कात्रणे विषयवार पाकिटांत घालून ठेवणे हा या व्यवसायाचा कणा होता. सागरतळ, कर्करोग, कृत्रिम उपग्रह, मुंग्या अशी नावे लिहिलेली पाकिटे घरातल्या फडताळांत भरलेली असत. संपादकाचा निरोप आला की संबंधित पाकीट उघडायचे आणि लेखाला बसायचे. ज्याचा कात्रणसंग्रह मोठा, त्याला काम जास्त. इतका हा संबंध थेट होता. भूशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या निरंजन घाटे यांनी लेखनालाच व्यवसाय मानले आणि दीडशेहून अधिक पुस्तके लिहिली. या अफाट उत्पादनामागची अफाट वाचनाची सवय त्यांच्या ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ या पुस्तकात दिसते. मराठीत पूर्णवेळ विज्ञानलेखन शक्य आहे, याचा घाटे यांचे काम हा सर्वांत ठळक पुरावा आहे.

उत्पन्न मात्र एका ठिकाणाहून कधीच आले नाही. वर्षाची आखणी दिवाळी अंकांभोवती होई. मागणीची पत्रे उन्हाळ्यात येत, लेख पावसाळा संपण्यापूर्वी द्यावे लागत. मानधन दिवाळीनंतर, पुष्कळदा बरेच नंतर आणि कधी फक्त अंकाच्या भेटप्रतीच्या रूपात मिळे. उरलेले महिने आकाशवाणीवरची भाषणे आणि श्रुतिका, ‘किशोर’सारख्या मुलांच्या मासिकांतले लेख, भाषांतरे, शाळा-महाविद्यालयांतली व्याख्याने यांवर निघत. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यातल्या नोंदींचे मानधन बेताचेच असले, तरी त्या कामाने लेखकांना शिस्त लावली. नोंदीत मोजके शब्द, ठरलेली परिभाषा आणि तपासलेले आकडे लागत. ऐटबाज वाक्याला तिथे थारा नसे. मासिकांसाठी सैल लिहिणाऱ्या अनेकांची भाषा या कामाने घट्ट झाली, असे त्या काळातले लेखन शेजारी ठेवून वाचले तर जाणवते.

लिहिण्याची यंत्रणाही वेळखाऊ होती. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहायचे. कार्बन प्रत जवळ ठेवायची. नापसंत लेख परत हवा असेल तर पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडायचे. मुद्रिते लेखकाकडे क्वचितच येत. दहाचा घातांक खाली उतरला आणि ‘१० चा सहावा घात’ ‘१०६’ छापला गेला, की सगळा हिशेब कोसळे. म्हणून अनुभवी लेखक मोठे आकडे अक्षरांत लिहीत आणि रासायनिक सूत्रे शक्य तितकी टाळत.

मागणीची लाट बहुधा घटनेमागून येई. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर धरण आणि भूकंप यांचा संबंध हा विषय वर्षानुवर्षे पुरला. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ हे अवकाशस्थानक कोसळणार म्हणून घबराट पसरली, तेव्हा कक्षा आणि वातावरणाचे घर्षण समजावणारे लेख घाईने मागवले गेले. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण, १९८६ मधला हॅलेचा धूमकेतू, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९७ मध्ये जाहीर झालेली ‘डॉली’ ही क्लोन मेंढी, प्रत्येक वेळी हेच घडले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली आणि पृष्ठताण व केशाकर्षण हे एरवी पाठ्यपुस्तकातच राहणारे विषय वृत्तपत्रांच्या पानांवर आले. अशा दिवसांत स्वतंत्र विज्ञानलेखकाचे खरे मोल कळे. लोक ज्या क्षणी ऐकायला तयार असतात त्याच क्षणी नेमके, न दुखावणारे आणि न डगमगणारे स्पष्टीकरण देणे, हे काम नुसत्या विद्वत्तेने होत नाही. ज्या घटनेची तारीख आधी ठाऊक असे तिची तयारीही आधीच होई. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जाऊ लागला आणि दर वर्षीचा तो आठवडा व्याख्यानांसाठी राखीव झाला.

१९९० नंतर साधने भराभर बदलली. आधी फॅक्स आणि संगणकावरचे अक्षरजुळणीचे फाँट आले. एका फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नसे. युनिकोड रुळेपर्यंत हा त्रास संपला नाही. मग इंटरनेटने कात्रणांची पाकिटे निकामी केली. मूळ शोधनिबंध, विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रके, संशोधकाचा ई-मेल पत्ता हे सारे घरबसल्या मिळू लागले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरींच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा निबंध त्याच दिवशी सर्वांना खुला होता. पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संशोधक त्या शोधाच्या प्रकल्पात होते, आणि अशा लहरींसाठीची भारतातील नियोजित वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.

कष्ट यामुळे कमी झाले नाहीत, त्यांची जागा बदलली. पूर्वी माहिती मिळवण्यात दिवस जाई, आता ती पारखण्यात जातो. प्रसिद्धिपत्रकात निष्कर्ष फुगवलेला असतो. प्रयोग उंदरांवर झालेला असतो आणि मथळा माणसांवर बेतलेला असतो. २०२० च्या करोनासाथीत समीक्षा न झालेले निबंध रोज शेकड्यांनी येत होते, आणि त्यातला कोणता वाचकांपुढे न्यायचा याचा निर्णय काही तासांत घ्यावा लागे. या काळात उत्तम मराठी विज्ञानलेखन झाले. त्याचबरोबर इंग्रजी बातमीचे घाईतले, न समजता केलेले रूपांतरही भरपूर छापले गेले. दोन्हींना मानधन सारखेच होते, आणि हीच या व्यवसायाची सर्वांत मोठी दुखरी बाजू आहे. मूळ निबंध वाचून, दोन तज्ज्ञांना विचारून लिहिलेल्या लेखाला लागणारा वेळ हिशेबात कुणीच धरत नाही.

हक्कांबाबतही लेखक बेसावध राहिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा हक्क, त्याने लेखी करार करून दिला नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. करार केला पण मुदत लिहिली नाही, तर तो हक्क पाच वर्षांपुरताच दिलेला मानला जातो. तरीही मराठीत बहुतेक व्यवहार तोंडी झाले, त्यामुळे जुने लेख पुन्हा छापले गेले तेव्हा पैसे मागायला हातात कागद नव्हता.

अलीकडे या लेखनाचे आधारही कमी झाले. केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. छापील पुरवण्यांची पाने घटली आहेत. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका, पुण्याहून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’, काही दैनिकांतली सदरे आणि दिवाळी अंक ही ठिकाणे मात्र अजून चालू आहेत, आणि तिथे लिहिणारे बहुतेक जण आजही दुसऱ्या उत्पन्नाच्या आधारावर लिहितात. वाचक आहेत, विषय आहेत, साधनेही आता आहेत. मराठी संपादकांनी आणि प्रकाशकांनी लेखी करार, वेळेवर मानधन आणि पडताळणीच्या कामाचा वेगळा मोबदला एवढे तरी सुरू करावे.