मशेरी आणि पोटातलं बाळ

रत्नागिरीतल्या गरोदर बाईला ‘सिगारेट-विडी ओढता का?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. ‘मशेरी लावता का?’ असं विचारलं, की काही जणी सासूकडे बघत मान हलवतात. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली तंबाखूच. हिरड्यांवर घासली की निकोटिन तिथूनच रक्तात शिरतं. चूळ भरून ते परत येत नाही.

हे निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचं पोषण घटतं. नवऱ्याच्या विडीच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइडही येतो, तो वेगळाच.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ साली निष्कर्ष मांडले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी जन्मली. २००६ साली त्याच अभ्यासातून दिसलं, की मृत बाळ जन्मण्याचा धोका या स्त्रियांत अडीचपट होता. १०५ ग्रॅम थोडे वाटतील. पण आई मुळात अशक्त, अंगात रक्त कमी, बाळ जेमतेम अडीच किलोच्या घरात. तिथे एवढी घट बाळाला कमी वजनाच्या गटात ढकलते. अशा बाळाचं अंग पटकन गार पडतं, ते नीट चोखत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो.

‘सोडा’ एवढंच सांगून मशेरी सुटत नाही. ‘लावल्याशिवाय परसाकडला होत नाही,’ असं बायका म्हणतात आणि ते खोटं नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं. त्यात गरोदरपणात मलावरोध वाढतो, लोहाच्या गोळ्यांनी आणखी. म्हणून मला वाटतं, गोळ्या हातावर ठेवतानाच भरपूर पाणी, पालेभाज्या आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडून सुरक्षित औषध, हेही सांगायला हवं. सासूलाही समोर बसवावं, कारण घरातला मशेरीचा डबा बहुधा तिचाच असतो. १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. पहिल्या तिमाहीत सोडली तर उत्तमच, पण सातव्या महिन्यात सोडली तरी बाळाचा फायदाच होतो.

बाळंतपणानंतर मशेरी पुन्हा सुरू होण्याची भीती असते आणि निकोटिन अंगावरच्या दुधातही उतरतं. स्तनपान मात्र त्यासाठी थांबवू नये. दीड महिन्याच्या लसीला आई येते, तेव्हा आशाताईंनी मशेरीबद्दल तिला पुन्हा विचारावं.