उंदरांचे पहारेकरी आणि हुकलेले फासे

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिली असेल, तर तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी ती मुलं तुम्हाला आठवत असतील. त्यांचा खेळ म्हणजे १९७४ साली अमेरिकेत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलटॉप रोलप्लेइंग या प्रकाराची सुरुवात त्याच्यापासून झाली. यात एक जण सूत्रधार होतो आणि गोष्टीतलं जग व त्यातली संकटं सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करणार ते बोलून सांगतात. ते जमलं की नाही, हे फासे ठरवतात.

असल्या खेळांना कॉमिक्स हा मोठा आधार. १९८४ मध्ये मार्व्हलच्या आणि १९८५ मध्ये डीसीच्या सुपरहीरोंवर खेळ आले. पण मला सगळ्यात जास्त पटलेला खेळ सुपरहीरोंचा नाही, उंदरांचा आहे.

अमेरिकन चित्रकार डेव्हिड पीटरसन यांची ‘माउस गार्ड’ ही कॉमिक मालिका २००६ पासून निघू लागली. हे मध्ययुगीन धाटणीचं, माणसं नसलेलं जग आहे. उंदरांची छोटी छोटी गावं आहेत आणि दोन गावांमधल्या जंगलात साप, घुबडं, कोल्हे आहेत. वाटा राखणं आणि प्रवाशांना सुखरूप पोहोचवणं हे ‘गार्ड’चं काम. पहिल्याच अंकात केन्झी, सॅक्सन आणि लिअम हे तिघे हरवलेल्या धान्याच्या व्यापाऱ्याला शोधायला निघतात आणि त्यांची गाठ सापाशी पडते. आपल्याला फूटभर वाटणारं अंतर तिथे मोठा प्रवास असतो आणि पावसाची एक सर हे संकट असतं.

ल्यूक क्रेन यांनी २००८ मध्ये या मालिकेवर खेळ तयार केला. नुसती पात्रांची नावं आणि चित्रं उचलून त्यांना भागवता आलं असतं. त्यांनी मात्र त्या जगाचा स्वभाव नियमांत आणला. प्रत्येक मोहिमेत अडचणी चार प्रकारच्या असतात: हवामान, रानवाट, प्राणी आणि इतर उंदीर. म्हणजे टपाल पोहोचवणं हीसुद्धा खरीखुरी मोहीम होते. पळणं, चढणं, लपणं आणि अन्न हुडकणं हा उंदराचा मूळ स्वभाव, आणि त्यालाही वेगळे गुण आहेत. शूर व्हायचं म्हणजे या स्वभावाशी सतत झगडायचं.

फाशावर ४, ५ किंवा ६ पडलं की यश, त्याखाली अपयश. पण अपयश आलं म्हणून खेळ थांबत नाही. सूत्रधार दोनपैकी एक करतो. एक तर गोष्टीला अनपेक्षित वळण देतो: वाट चुकली आणि समोर घुबड! नाही तर काम होऊ देतो, पण त्याची किंमत घेतो: पात्र दमतं, चिडतं, आजारी पडतं किंवा जखमी होतं.

आता या खेळातला माझा सर्वात आवडता नियम. समजा, तुमच्या पात्राचं वाट शोधायचं कौशल्य ३ आहे. ते ४ व्हायला तीन यशं लागतात आणि दोन अपयशंही. कागदावर दोन्हींची नोंद ठेवावी लागते. अपयशं भरली नाहीत, तर कितीही जिंकलात तरी पात्र तिथेच राहतं. त्यामुळे नेहमी सोपं तेच काम अंगावर घेणाऱ्याची वाढ खुंटते. अवघड कामाला हात घालून फासे हुकले, की टेबलावर हळहळ होते, पण पेन्सिलीची एक खूणही वाढते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोजचंच आहे. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला तर त्यातून फारसं शिकायला मिळत नाही. रात्रभर छळणारा बग मात्र पुढच्या दहा कामांत उपयोगी पडतो. पण आपल्या घरांत गुणपत्रिकेवर फक्त यशाचा रकाना असतो. नव्वद टक्क्यांची सवय झालेली हुशार मुलं कॉलेजात पहिल्यांदा नापास झाली की कोलमडतात, कारण हरल्यावर पुढची चाल कोणती हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. एक खेळ हे सगळं बदलेल असं नाही. पण हुकल्यावर गोष्ट संपत नाही, हे दोन तासांत चार वेळा अनुभवायला मिळणंही थोडकं नाही.

सुरुवातीला फार काही लागत नाही. तीन-चार जण, मूठभर साधे फासे, कागद-पेन्सिल आणि एक नियमपुस्तक पुरतं. पुस्तक इंग्रजीत आहे, पण खेळ चालतो तो बोलण्यावर, आणि बोलणं आपल्या मराठीत करता येतं. शाळेत गुजराती, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना घरी मराठी बोलायला सांगावं लागतं. इथे मात्र समोर साप उभा असतो आणि सगळे वाट पाहत असतात. काय करणार ते पटकन सांगावंच लागतं.

पहिल्या डावाला धान्याच्या व्यापाऱ्याचीच मोहीम घ्या. ती नियमपुस्तकात तयार दिलेली आहे. घरातल्या सगळ्यात लाजाळू मुलाला गस्तीचा म्होरक्या करा आणि त्याचे फासे हुकले, तर ती खूण त्यालाच करू द्या.