सुरक्षेचा तास कोणाच्या खर्चाचा?

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारा एकेरी लोहमार्ग आणि मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग या दोहोंच्या सान्निध्यात वसलेल्या सौंदडला बांधकामाची धामधूम अपरिचित नाही. आणि 240 किलोमीटरच्या या लोहमार्गाच्या दुहेरीकरणास केंद्र सरकारने एप्रिल 2025 मध्ये सुमारे 4,819 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिल्यामुळे, भराव, मोऱ्या आणि पूल यांच्या कामांवर राबणाऱ्या मजुरांच्या सुरक्षिततेचा विचार येथे आगाऊच करून ठेवणे इष्ट ठरते.

अशा कामाची जबाबदारी रेल्वेकडून मुख्य मक्तेदाराकडे, तेथून पोटमक्तेदाराकडे आणि अखेरीस मुकादमाकडे उतरत जाते. धानाची रोवणी आटोपून रोजीच्या शोधात आलेला झाडीपट्टीतला मजूर असो की शेजारच्या छत्तीसगडातून टोळीबरोबर आलेला असो, त्याचा परिचय असतो तो केवळ मुकादमाशी. कामावर रुजू होताना सुरक्षेचे नियम समजावून सांगितल्याचा दाखला म्हणून एका कागदावर त्याची सही किंवा अंगठा घेतला, की दप्तर परिपूर्ण होते. त्याला नेमके काय उमगले, याची नोंद मात्र त्या दप्तरात कोठेही नसते.

कायद्याची भूमिका याहून स्पष्ट आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या 1996 च्या अधिनियमाच्या 44 व्या कलमाने कामावर सतत व पुरेशी देखरेख ठेवण्याचा भार मालकावर टाकला होता. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख ही मालकाचीच कर्तव्ये मानली आहेत. 31 जुलै 2023 च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढविणारे अवजड यंत्र कोसळून 20 जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु मृतांत निरनिराळ्या प्रांतांतील माणसे होती, ही गोष्ट एका यंत्राखाली किती भाषा एकत्र येतात हे दाखविण्यास पुरेशी आहे.

म्हणून खरे शिक्षण सभागृहात न होता प्रत्यक्ष रुळाशेजारीच झाले पाहिजे. एकेरी मार्गावर गाडी कोणत्याही दिशेने येऊ शकते. यंत्रांच्या घरघरीत तिची चाहूल लागतेच असे नाही. पहारेकऱ्याची शिटी वाजताच हत्यारे घेऊन कोणत्या बाजूला सरायचे आणि खोदलेल्या खड्ड्याच्या काठापासून किती अंतर राखायचे, हे मजुराने ऐकून घेणे पुरेसे नसून आपल्या भाषेत सांगून आणि करून दाखविणे आवश्यक आहे. नवी टोळी आली, काम बदलले किंवा पावसाने भराव भिजला, की हीच उजळणी पुन्हा झाली पाहिजे.

येथे खरी अडचण पैशाची आहे. मोजमापावर मजुरी मिळणाऱ्या टोळीला शिकण्यात गेलेला तास म्हणजे बुडालेली मजुरी. पोटमक्तेदाराला तो तोटा. आणि कमीत कमी दराने काम घेतलेल्या मुकादमाला निव्वळ अडथळा. सुरक्षिततेचा उपदेश वरून खाली येतो, पण तिचा खर्च मात्र उतरंडीतल्या सर्वांत दुर्बळ माणसाच्या माथी पडतो. म्हणून या तासाची मजुरी ही अंदाजपत्रकातच, लोखंड-सिमेंटाप्रमाणे, स्वतंत्र बाब म्हणून धरावी आणि मुख्य मक्तेदाराने ती थेट मजुराच्या हाती द्यावी. तसे झाल्यास मुकादमच टोळीला वेळेवर आणून बसवील आणि कागदावरचा अंगठा समजून घेतल्याची खूण ठरेल.