मुलाखतीत मन कुठे चुकते?

गेल्या आठवड्यात एटापल्लीकडचा एक तरुण माझ्याकडे आला. छातीत धडधड, रात्री झोप नाही. नाडी, रक्तदाब, ईसीजी सारे ठीक. बोलता बोलता खरे दुखणे बाहेर आले. चंद्रपूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात फिटरच्या जागेसाठी मुलाखत होती आणि आधीच्या दोन मुलाखतींत तो नापास झाला होता. "डॉक्टरसाहेब, माझ्या तोंडून 'पानी' निघतं, अन् साहेब लोक एकमेकांकडे पाहतात. मग पुढचं काही आठवतच नाही." या खेपेला जाऊच नये, असे त्याच्या मनात होते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या. पण खासगी कारखाने, पतसंस्था आणि लोकसेवा आयोगाची अधिकारीपदे येथे त्या दारातून जावेच लागते. त्या दाराशी अडखळणारी मुले मला नेहमी भेटतात. त्यांची तयारी बहुधा कमी नसते.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिले, एवढेच खरे. ते 'पानी' ऐकून पाहिले, ही त्या मुलाची भर. दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळले असे धरून चालणे, ही मुलाखतीतली सर्वांत मोठी चूक. ती मीही केली आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत मधल्या सदस्याने दोनदा घड्याळ पाहिले. यांना मी नको, असे मी ठरवून टाकले आणि उरलेली उत्तरे एकेका शब्दात उरकली. बाहेर आल्यावर शिपाई म्हणाला, "साहेबांना नागपूरची बस गाठायची आहे." नोकरी अर्थातच गेली.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी २००० साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. घालायला लाज वाटावी असे चित्र असलेला सदरा घालून विद्यार्थ्यांना भरल्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी तरी चित्र पाहिले असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले होते. आपले थरथरते बोट आपल्याला जेवढे मोठे दिसते, तेवढे ते समोरच्याला दिसत नाही.

आता धडधडीबद्दल. अॅड्रिनलिन वाढले की हृदय जोरात चालते, तोंड कोरडे पडते, तळहात गार होतात. शरीर कामाला सज्ज होत असल्याची ही खूण आहे. आपण नालायक असल्याचा तो पुरावा नव्हे. ती दडपू पाहिली तर लक्ष सारे छातीवरच खिळते, प्रश्न कानावरून जातो. त्यापेक्षा आत जाण्यापूर्वी पाच-सहा वेळा सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा.

आपल्या भागातला नेहमीचा उपाय मात्र खर्रा. "एक चिमूट घेतली की बरं वाटतं" असे मुले सांगतात. तलफ भागते म्हणून तसे वाटते. तंबाखूतले निकोटिन नाडीचा वेग उलट वाढवते. औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून 'धडधडीची गोळी' आणून घेणे तर त्याहून वाईट. दम्याच्या रुग्णाला अशी गोळी जिवावर बेतू शकते.

पाठ केलेली उत्तरेही दगा देतात. एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते आणि एक उत्तर चुकले म्हणजे सारेच संपले, असे मन घेते. ठाऊक नसेल तर "याची मला माहिती नाही, सर" म्हणावे. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारावा. घरी गोंडी, माडिया किंवा झाडीबोली बोलणाऱ्याने 'न' आणि 'ण' यांवर पहारा बसवला, तर सांगण्यासारखे राहूनच जाते.

या मुलाचे तसेच झाले होते. "गावात काय करतोस?" म्हणून विचारले, तर आयटीआय झाल्यापासून धानाच्या गिरणीची यंत्रे हाच दुरुस्त करतो. बेअरिंग घासले आहे हे आवाजावरून कसे ओळखायचे, ते त्याने मला दहा मिनिटे समजावले, एकदाही न अडखळता. मुलाखतीत हे सांगितले होते का? "त्यांनी विचारलंच नाही." मी त्याला कंपाउंडरसमोर खुर्चीत बसवले आणि तेच पुन्हा सांगायला लावले. घरीही शेजाऱ्यापुढे मोठ्याने सांगत जा, म्हटले.

गोळी दिली नाही. झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली, जेवण सुटले किंवा जगणे नको वाटू लागले, तर मात्र डॉक्टरांना गाठावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

त्याची मुलाखत येत्या सोमवारी आहे. पहाटेच्या बसची धावपळ नको म्हणून रविवारीच तो चंद्रपूरला मावशीकडे मुक्कामाला येणार आहे.