खेळाडू कारभारी होतो तेव्हा



कामगार चळवळीतल्या माणसाने खेळावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु खेळ हेही कामच आहे, आणि जेथे काम आहे तेथे मजुरीचा प्रश्न आलाच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक पोरगा आपल्या कारखान्याच्या कबड्डी संघात होता. सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. दोन महिने हजेरीपटावर खाडे लागले, पगार कापला गेला. संघाने जिंकलेला करंडक मात्र साहेबांच्या कचेरीत राहिला. मी विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "खेळ ही हौस आहे, नोकरी नव्हे."

हे उत्तर फार जुने आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातले खाणकामगार व गिरणीकामगार रग्बी खेळत. शनिवारच्या सामन्यासाठी पाळी बुडे आणि मजुरीही बुडे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी, ही मागणी रग्बी युनियनने फेटाळली. (ही युनियन कामगारांची नव्हे, क्लबांची!) १८९५ साली त्यावरून खेळच दुभंगला. उघडपणे पैसे घेऊन खेळण्याची मुभा रग्बी युनियनच्या खेळात आली ती १९९५ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. पुढे तीन वर्षांतच डेमियन हॉपली या इंग्लंडच्या खेळाडूने खेळाडूंची संघटना उभारली. त्याचा खेळही गुडघ्याच्या दुखापतीनेच संपला होता.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. डायना एडलजी या मुंबईच्या. १९७६ साली त्या पहिली कसोटी खेळल्या. डावखुऱ्या फिरकीने त्यांनी २० कसोट्यांत ६३ बळी घेतले आणि भारताचे कर्णधारपदही भूषविले. परंतु त्या काळी मुलींच्या क्रिकेटमध्ये मानधन नव्हते. बिनआरक्षित डब्यातून प्रवास करून त्या सामन्याला जात. पोट चालले ते नोकरीवर. आपल्या पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेत त्या नोकरीला होत्या आणि तेथेच क्रीडा अधिकारी झाल्या. रेल्वेने खेळाडू मुलींना नोकऱ्या द्याव्यात, यासाठीही त्यांनी खटपट केली.

३० जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाचा कारभार चौघांच्या समितीकडे सोपविला. त्यांत एडलजी होत्या. ज्या मंडळाने २००६ पर्यंत स्त्रियांचे क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतलेच नव्हते, त्याच्या कारभारात आता एक स्त्री खेळाडू बसली. २०१८ साली स्त्रियांच्या वरच्या श्रेणीचा वार्षिक करार १५ लाखांवरून ५० लाखांवर गेला. त्याच यादीत पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची होती, म्हणजे चौदा पट! खुर्चीवर आपले माणूस बसले म्हणजे सगळे साधते असे नाही, ते यावरून दिसते. ऑक्टोबर २०१९ मध्ये समितीचे कामही संपले.

मग मागे काय उरले? नियम उरले. न्यायालयाने मान्य केलेल्या घटनेनुसार २०१९ साली खेळाडूंची संघटना स्थापन झाली. मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत तिचा एक पुरुष व एक स्त्री प्रतिनिधी बसू लागला. परंतु मेख अशी की ही संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर ही पेन्शनरांची युनियन झाली. पाळीवरच्या कामगाराला तीत जागा नाही. २०२२ साली मंडळाने स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान केले, ही आनंदाचीच गोष्ट. तरी देणारा हात मंडळाचाच राहिला.

तारापूरच्या त्या पोराचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्याचा कापलेला पगार मिळाला नाही. मात्र पुढच्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले: कारखान्यासाठी खेळलेला दिवस हा कामाचा दिवस, आणि मैदानावरची दुखापत ही कामावरची दुखापत. त्यानंतर तीन व्यवस्थापक बदलले. कलम आहे तेथेच आहे.